प्लॅस्टिकची वीट आणि साच्याशेजारचा माणूस



वसंतातील ह्या व्याख्यानांत इतिहास म्हटला की बहुधा राजे, लढाया आणि तह यांचाच विचार होतो. आज मी आपणांपुढे जो इतिहास मांडणार आहे त्यात राजा नाही. त्यात आहे एक वीट. ती मातीची नव्हे, प्लॅस्टिकची. लांबी सुमारे ३२ मिलिमीटर, रुंदी १६, उंची दहाच्या आतली, माथ्यावर आठ लहान गोल बुंधे. डेन्मार्क देशातील बिलुंड नावाच्या गावी ही वीट तयार होऊ लागली. लेगो ह्या नावाने ती जगभरच्या मुलांच्या हाती गेली आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी नातवंडांच्या डब्यात आज ती असेलही.

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने खेळण्याच्या विटेवर का बोलावे, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. मी अभियंता नव्हे. माझे शिक्षण शाळेच्या बाकावर थोडे आणि कारखान्यांच्या फाटकांबाहेर अधिक झाले. परंतु मोल्डिंग कामगारांत वावरताना एक गोष्ट मला वारंवार दिसली. वस्तूचा आकार कागदावर एकदा काढला की ठरला, असे कधी होत नाही. साच्याचे पोलाद, वितळणारा दाणा आणि यंत्राशेजारी उभा असलेला माणूस हे तिघे मिळून त्या आकाराला दुरुस्त करीत नेतात. ही दुरुस्ती केसाएवढी असते, पण वस्तू टिकते ती तिच्याच बळावर. मग तिचे श्रेय कोणाला जाते, आणि तिचा भार कोणाच्या हातावर पडतो? ह्या प्रश्नासाठीच मी विटेचा इतिहास निवडला आहे.

सोऱ्या आणि साचा

इंजेक्शन मोल्डिंग हे नाव भारदस्त असले तरी त्यातले तत्त्व आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून नांदते आहे. चकलीच्या सोऱ्यात पीठ भरून दट्ट्या दाबला की ते खालच्या तोंडातून बाहेर पडते. मोदकाच्या साच्यात उकड दाबली की साच्याच्या कळ्या तिच्यावर उमटतात. सोऱ्याचे तोंड साच्याच्या तोंडाला जोडा, आणि पिठाच्या जागी तापून पातळ झालेले प्लॅस्टिक घ्या, म्हणजे मोल्डिंगचे यंत्र झाले. कच्चा माल बारीक दाण्यांच्या रूपात येतो. कारखान्यात त्याला नुसते दाणा म्हणतात. दाणा तापलेल्या नळीत वितळतो, दाबाने पोलादी साच्यात शिरतो, तेथे गार होऊन घट्ट होतो. साचा उघडतो, वस्तू बाहेर पडते आणि साचा पुन्हा मिटतो. ह्या एका फेरीला सायकल म्हणतात, आणि एका फेरीत निघालेल्या मालाला शॉट.

मोदक करणाऱ्या कोणाही गृहिणीला ह्या कामातल्या तीन अडचणी पाठ असतात. साच्याला तूप लावले नाही तर मोदक चिकटतो. साचा नीट मिटला नाही तर फटीतून उकड बाहेर येते, आणि ती बोटाने निपटावी लागते. पारी एके ठिकाणी जाड राहिली तर वाफ लागूनही तेवढा भाग कच्चा राहतो. प्लॅस्टिकच्या वस्तूला ह्याच तीन व्याधी जडतात. वस्तूच्या भिंती अगदी सरळ उभ्या असल्या तर ती साच्यात अडकते, म्हणून भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथून माल बाहेर येऊन पापुद्रा धरतो. त्याला फ्लॅश म्हणतात, आणि तो चाकूने कापावा लागतो. जाड भाग आतून उशिरा गार होतो, आत ओढला जातो, आणि वर खड्डा पडतो.

ह्यांशिवाय चौथी एक व्याधी आहे ती आक्रसण्याची. गार होताना प्लॅस्टिक आकाराने कमी होते, आणि प्रत्येक जातीचे निराळ्या प्रमाणात. ज्याला एबीएस म्हणतात ते प्लॅस्टिक सुमारे अर्धा टक्का आक्रसते. म्हणजे ३२ मिलिमीटरच्या विटेत ०.१६ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि साचा तेवढा मोठा कापावा लागतो. त्याच साच्यात दुसऱ्या जातीचा दाणा घातला की माप बदलले.

जाडीविषयी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम आहे. भिंत दुप्पट जाड केली तर ती गार होण्यास दुप्पट नव्हे, सुमारे चौपट वेळ लागतो. कागदावर रेघ जरा जाड ओढणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. यंत्रावर उभ्या असलेल्याला मात्र ती रेघ दर शॉटला भोगावी लागते, कारण गार होण्याचा वेळ कमी करता येत नसला की इतर हालचालींतून, म्हणजे त्याच्या हातांच्या हालचालींतून, सेकंद काढले जातात.

कापूर, आग आणि पहिली यंत्रे

ह्या यंत्राचा आरंभ अमेरिकेत झाला. हस्तिदंत महाग होत चालल्यामुळे बिलियर्डच्या चेंडूसाठी दुसरा पदार्थ शोधून देणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते. जॉन वेस्ली हायट हा पेशाने छापखान्यातला कामगार. तो ह्या खटपटीला लागला आणि त्यातून सेल्युलॉइड निघाले. नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर, म्हणजे आपल्या आरतीच्या ताटातला पदार्थच, मिसळून त्याने ते केले. पुढे १८७२ साली हायट व त्याचा भाऊ आयझाया यांनी तापलेल्या नळीतून दट्ट्याने हा माल दाबून काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. आजच्या मोल्डिंग यंत्राचा मूळ पुरुष तो हाच.

सेल्युलॉइडचे कंगवे आणि बटणे निघाली, पण ते चटकन पेट घेई. जो पदार्थ तापविल्यावाचून वाहत नाही आणि तापविल्यास पेटण्याचे भय, त्यावर हे यंत्र फार पुढे जाणे शक्य नव्हते. येथे शोधाची वाट रसायनाकडे वळली. जर्मनीत आर्थर आयखेनग्रून ह्या रसायनशास्त्रज्ञाने सहज न पेटणारे सेल्युलोज असिटेट उपयोगात आणले आणि पहिल्या महायुद्धानंतर ते साच्यात दाबण्याची रीत बसविली. हा मनुष्य ज्यू होता. नाझी राजवटीत त्याचा कारखाना गेला, १९४४ साली त्याला थेरेझिएनश्टाटच्या छळछावणीत डांबण्यात आले, आणि सुटकेनंतर थोड्याच वर्षांनी, १९४९ मध्ये, तो वारला. आपल्या विटेचा पहिला अवतार ह्याच सेल्युलोज असिटेटचा होता.

पेज यांची वीट आणि सुताराचे यंत्र

इंग्लंडात हिलरी फिशर पेज नावाचे एक खेळणीकार किडिक्राफ्ट ह्या नावाने लहान मुलांची खेळणी करीत. एकमेकींवर बसून धरून राहणाऱ्या पोकळ विटांची कल्पना त्यांची. त्यांनी तिचे ब्रिटिश पेटंट घेतले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, ह्या विटा बाजारात आणल्या.

इकडे बिलुंडला ओले कर्क क्रिस्टियानसन नावाचा सुतार होता. जागतिक मंदीत घरबांधणीचे काम आटल्यावर १९३२ मध्ये तो लाकडी खेळण्यांकडे वळला. १९४२ साली कारखाना आगीत जळाला, तो त्याने पुन्हा उभा केला. युद्ध संपल्यावर त्याने ब्रिटिश बनावटीचे विंडसर कंपनीचे एक मोल्डिंग यंत्र घेतले. किंमत ३०,००० क्रोनर, म्हणजे त्या लहानशा कारखान्याच्या मानाने छाती दडपून टाकणारी. ह्याच विंडसर नावाशी आपलाही संबंध आला आहे. १९६३ साली आर. एच. विंडसर इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ही यंत्रे बनू लागली. तेव्हा बिलुंडच्या सुताराची गोष्ट आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

यंत्राच्या व्यवहारात पेज यांच्या विटेचे नमुने क्रिस्टियानसन पितापुत्रांच्या पाहण्यात आले. त्यांनी ती वीट घेतली आणि तिच्यात फेरफार केले. गोलसर कोपरे सरळ केले. इंचांची मापे मिलिमीटरमध्ये आणली, त्यामुळे सुमारे ०.१ मिलिमीटरचा फरक पडला. बुंध्यांचे माथे सपाट केले. १९४९ साली ‘ऑटोमॅटिक बाइंडिंग ब्रिक्स’ ह्या नावाने त्या विटा डेन्मार्कमध्ये विक्रीस आल्या.

०.१ मिलिमीटर म्हणजे साधारण कागदाच्या एका पानाची जाडी. कल्पना सर्वस्वी दुसऱ्याची आणि फरक पानाच्या जाडीचा. ह्यास चोरी म्हणावे की सुधारणा, ह्यावर आपण वाद घालू शकू. पेज १९५७ मध्ये वारले. लेगो कंपनीने त्यांच्या विटेचे उरलेले हक्क १९८१ साली विकत घेतले. तेव्हा मूळ कल्पना पेज यांची, हे इतिहासाने स्वच्छ सांगितले पाहिजे. पण पेज यांची वीट जशीच्या तशी पुढे चालली असती असेही नाही. ते का, हे आता पाहू.

नऊ वर्षांची अडचण

ती पहिली वीट खालून अगदी पोकळ होती. चार भिंती आणि वर छप्पर. बाजूंना चिरा ठेवल्या होत्या, त्यामुळे भिंत जरा लवचिक होई. वरची वीट खालच्या विटेवर दाबली की खालचे बुंधे वरच्या विटेच्या भिंतींना आतून टेकत, आणि तेवढ्या घर्षणावर वीट राही. एकावर एक सरळ मनोरा रचला तर काम भागे. परंतु गवंडी भिंत कशी रचतो? सांधा फोडून, एक वीट दोन विटांवर येईल अशी. मुलेही तशीच रचू पाहात, आणि तेथे ही वीट हात सोडी. कोपऱ्यावर एकच बुंधा आत आला तर त्याला दोन बाजूंनी भिंत लागे, उरलेल्या दोन बाजूंनी काहीच नाही. पकडीला समोरून दाबणारा जोडीदार हवा, तो नव्हता. मुलाने केलेले घर उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचे म्हटले की ते विखुरले.

नऊ वर्षे ही अडचण राहिली. माल विकला जात होता, १९५५ पासून त्याला ‘खेळाची पद्धती’ असे रूपही देण्यात आले, तक्रारीही येत होत्या. ओले कर्क यांचा मुलगा गोटफ्रेड याने अखेर जो उपाय निश्चित केला त्याचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी कोपनहेगनला मागण्यात आले. म्हातारे ओले कर्क त्याच वर्षी मार्चमध्ये वारले. उपाय असा की विटेच्या पोकळीत छपरापासून खाली आलेल्या तीन नळ्या बसवावयाच्या. प्रत्येक नळी खालच्या विटेच्या चार बुंध्यांच्या मधोमध शिरते. आता प्रत्येक बुंध्याला एकीकडून भिंत आणि दुसरीकडून नळी. किंवा नळी आणि नळी. जोडीदार मिळाला.

ह्यातला हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल, म्हणून करून दाखवितो. बुंध्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर ८ मिलिमीटर. चार बुंध्यांच्या चौकोनाचा कर्ण ८ गुणिले १.४१४, म्हणजे ११.३१. प्रत्येक बुंधा ४.८ मिलिमीटर व्यासाचा. कर्णाच्या दोन टोकांना त्यांचा अर्धा अर्धा भाग येतो, म्हणजे एकूण ४.८ वजा करावयाचे. राहिले ६.५१. हाच नळीचा बाहेरचा व्यास. तो किंचित वाढला तर मुलाच्या बोटांना वीट बसविता येणार नाही. किंचित घटला तर वीट धरणार नाही. दोहोंमधली जागा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजावी लागते.

नळीच का, भरीव खांब का नको? कारण वर सांगितलेला जाडीचा नियम. भरीव खांब भिंतीहून जाड झाला असता, उशिरा गार झाला असता, आक्रसून विटेच्या माथ्यावर खड्डा पडला असता, आणि सबंध वीट त्या एका खांबासाठी साच्यात थांबून राहिली असती. नळीची भिंत विटेच्या भिंतीच्या बेताची ठेवली की सर्व अवयव साधारण एकाच वेळी गार होतात. बुंध्यांच्या खाली आतून लहान खळगे ठेवले जातात त्याचे कारणही हेच. उत्तम मोल्ड केलेल्या वस्तूत कोणता तरी एक अवयव सर्वांना खोळंबून ठेवीत नाही.

परंतु कागदावर नळी म्हणजे एक वर्तुळ, आणि साच्यात नळी म्हणजे पोलादात कोरलेली अरुंद कंकणासारखी खाच. आक्रसताना नळी त्या पोलादाला करकचून धरते. तिला न दुखविता बाहेर ढकलण्याची सोय साच्यातच करावी लागते. भिंतींना मनमुराद उतार द्यावा तर विटेला वीट लागून बसणार नाही. न द्यावा तर वीट निघणार नाही. मग सारा भार पोलादाच्या मापावर आणि गुळगुळीतपणावर येतो. लेगोचे साचे आज पाच हजारांश मिलिमीटरच्या घरात अचूक ठेवतात असे सांगितले जाते. माणसाचा एक केस त्याच्या दहापट जाड भरेल. १९५८ सालची वीट आजच्या विटेवर बसते, हे त्या कंपनीचे मोठे भूषण मानले जाते. ते भूषण खरे पाहता साचे करणाऱ्या हातांचे आहे.

दाणा बदलला

नळी आली तरी सेल्युलोज असिटेटचा दोष राहिला. ते कालांतराने वाकते, आक्रसते, रंगही उडतो. ज्या वस्तूचा सगळा जीव शंभराव्या हिश्श्यात आहे, तिला असा चंचल माल चालणार नाही. १९६० साली लाकडी खेळण्यांच्या विभागाला आग लागली आणि त्यानंतर कंपनीने लाकूड सोडून प्लॅस्टिकवरच भर दिला. १९६३ मध्ये विटेसाठी एबीएस घेण्यात आले. तीन द्रव्यांचे हे मिश्रण कठीण असून चिवट आहे, चकाकते, आणि माप धरून ठेवते.

पुढेही दुरुस्त्या चालूच राहिल्या. साच्यात माल जेथून शिरतो त्या तोंडाला गेट म्हणतात. तोडल्यावर तेथे बारीक खूण राहते. जुन्या विटांच्या बाजूवर ही खूण दिसे. नंतर ती बुंध्याच्या माथ्यावर नेण्यात आली, म्हणजे वर दुसरी वीट बसली की आपोआप झाकली जाते. पुढे काही साच्यांत भिंती पातळ करून आतून बारीक कण्या दिल्या. माल वाचला आणि पकड राहिली. विटेच्या आत बारीक आकडेही आढळतात. ती साच्याची खूण; सदोष वीट हाती आली तर कोणत्या घरातून ती निघाली हे त्यावरून शोधता येते.

पाहा, विटेवर साच्याचा क्रमांक आहे, कंपनीचे नाव आहे. साचा करणाऱ्याचे नाव नाही.

शंभरावा हिस्सा आणि न्यायालय

हे नाव नसणे केवळ भावनेचे प्रकरण नाही, हे एका खटल्यावरून दिसते. विटेची मूळ संरक्षणे कालांतराने संपली. अमेरिकेच्या टायको कंपनीला तशाच विटा हाँगकाँगमध्ये करावयाच्या होत्या. तेव्हा लेगोच्या बाजूने असे मांडण्यात आले की आम्ही १९७० नंतर विटेची नवी रेखाचित्रे केली आहेत, त्यांत मापांचे आणि गोलाईचे फेरफार आहेत, म्हणून ह्या चित्रांचे कॉपीराइट नव्याने सुरू होते. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९८८ मध्ये लॉर्ड ऑलिव्हर यांनी निर्णय दिला. त्याचे सार असे: हे फेरफार तांत्रिकदृष्ट्या महत्त्वाचे असतील, पण चित्र म्हणून पाहता ते जुन्याचीच नक्कल आहेत, आकडे बदलल्याने नवे चित्र निर्माण होत नाही, आणि अशा मार्गाने मक्तेदारी पुन्हा पुन्हा वाढविता येणार नाही.

निर्णय योग्यच होता असे माझे मत आहे. कोणाही मालकाला मुलांच्या विटेवर पिढ्यान्‌पिढ्यांची सनद मिळू नये. परंतु त्यातून एक विलक्षण सत्य बाहेर आले. ज्या शंभराव्या हिश्श्यावाचून वीट धरत नाही, तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून कायद्याच्या लेखी त्याला कर्ताच नाही. कल्पना काढणाऱ्याला पेटंट, विकणाऱ्याला ट्रेडमार्क; आणि माप साधणाऱ्याला महिन्याचा पगार, तोही यंत्र चालू असेपर्यंत.

आपल्याकडचे गाळे

आता बिलुंडहून आपण आपल्या गाळ्यांत येऊ. मुंबईच्या उपनगरांत, ठाण्याकडे, वसईकडे लहान लहान गाळ्यांतून मोल्डिंगची यंत्रे चालतात. कोठे अद्ययावत यंत्र, कोठे जुने दुरुस्त करून घेतलेले, कोठे हाताने दांडा ओढून चालविण्याचे. डबे, झाकणे, बटणे, क्लिपा, खेळणी असा माल निघतो. येथे वस्तूचा आकार बहुधा बाजारातून आणलेल्या नमुन्यावरून ठरतो. साचा घाईने कापला जातो. मग दोष साच्यात राहतो आणि त्याची भरपाई माणूस करतो.

एक प्रसंग सांगतो. गाळ्याचे नाव सांगत नाही. एका डब्याचे झाकण होते, खोल आणि सरळ भिंतींचे. दर शॉटला ते साच्याच्या आतल्या भागावर घट्ट बसे. चालविणारा मुलगा पितळेची सळई घालून ते उचकटी. यंत्राला जाळीचे दार होते. ते उघडे असले की साचा मिटू नये, अशी त्याची रचना असते. पण दर वेळी दार उघडायचे आणि लावायचे तर शॉट कमी पडत, म्हणून दाराची कळ तारेने बांधून ठेवलेली होती. एके रात्रपाळीला साचा मिटला तेव्हा मुलाचा हात आत होता. त्याची दोन बोटे गेली.

चौकशीत प्रत्येकाने मुलाच्या निष्काळजीपणावर बोट ठेवले. आमच्या बाजूने बोलावयास त्या भागातला एक वृद्ध टूलरूम कारागीर आला. त्याने झाकण हातात घेतले, पालथे केले आणि विचारले, “ह्याला उतार कुठे आहे?” पुढे मालकाशी बोलणी झाली. कळीची तार निघाली, दार चालू झाले, आणि साच्याच्या आतल्या भागाला एक अंशाचा उतार देऊन तो पुन्हा घासून चकचकीत करण्यात आला. त्यानंतर झाकण आपोआप खाली पडू लागले. सळई कोपऱ्यात उभी राहिली ती राहिलीच. शॉटही पूर्वीहून वाढले. मुलाची बोटे मात्र जी गेली ती गेली.

१९४८ च्या कारखाने कायद्याने २१ व्या कलमात यंत्रांना संरक्षक कुंपण सक्तीचे केले होते. पण वीज वापरणाऱ्या जागेला तो कायदा मुळात लागू होई तो १० माणसांपासून. २०२० च्या संहितेने ती मर्यादा २० वर नेली. गाळ्यात माणसे असतात सहा-सात. तेव्हा त्यांचे खरे कुंपण साच्यातच असले पाहिजे. ज्या झाकणासाठी हात आत घालावाच लागत नाही, ते झाकण कोणत्याही निरीक्षकाहून अधिक बोटे वाचविते.

दुसरी बाजूही लपवून उपयोगी नाही. एका गाळ्यात पाच बाया फ्लॅश कापण्याचे काम करीत, नगावर मजुरी. दिवसभर चाकू चालवून अंगठ्याला घट्टे पडलेले. साचा नवा झाला, मिटणीची फट गेली, फ्लॅश येईनासा झाला. वस्तू देखणी झाली, मालकाचा खर्च वाचला, आणि पाच जणींचे काम संपले. संघटनेने भांडून दोघींना माल तपासणीवर रोजाने घ्यावयास लावले. तिघींना घेतले नाही.

तर मग साचा वाईटच राहू द्यावा काय? असे म्हणणारे आमच्यांतही होते. मला ते मान्य नाही. वाईट साच्याने निर्माण केलेले काम हे काम नव्हे. ती दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा आहे, आणि शिक्षेचा हक्क मागणे हे कामगार चळवळीला शोभत नाही. परंतु सुधारणेने वाचलेले सेकंद आणि वाचलेला माल यांचा हिशेब जसा मालकाच्या वहीत मांडला जातो, तसा तो कामगाराच्या बाजूनेही मांडला गेला पाहिजे. बिलुंडच्या साचेखान्यात आज यंत्रांच्या रांगांतून माणूस क्वचित दिसतो. विटा पेट्यांत पडतात आणि पेट्याही यंत्रेच उचलतात. ती वेळ आपल्याकडेही हळूहळू येते आहे. ती येण्यापूर्वी वाटणीचे बोलून ठेवणे शहाणपणाचे.

तात्पर्य

तेव्हा ह्या इतिहासावरून मी तीन गोष्टी मागतो. पहिली, पोलाद कापण्यापूर्वी वस्तूचे चित्र साचा करणाऱ्याला आणि यंत्र चालविणाऱ्याला दाखवावे, आणि त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे. चित्रातली रेघ खोडावयास रबर पुरते. कापलेल्या पोलादातली चूक दुरुस्त करावयास हजारो रुपये लागतात, आणि कधी बोटे. दुसरी, साच्याच्या नोंदवहीत साचा करणाऱ्याचे नाव असावे; त्यात खर्च काहीच नाही. तिसरी, सुधारणेमुळे ज्याचे काम जाते त्याला त्याच गाळ्यात दुसरे काम शिकविण्याची तजवीज सुधारणेच्या खर्चातच धरावी.

आज घरी गेल्यावर स्नानघरातली बादली पालथी करून पाहा. बुडाच्या मध्याशी एक खूण दिसेल. तेथून माल शिरला. कडेने बारीक रेघ दिसेल; तेथे साचा मिटला. कोठे लहान गोल ठसे दिसले तर तेथे तिला बाहेर ढकलले. बादली तळाकडे निमुळती का, हेही आता आपणांस सांगता येईल. आणि कडेवरून बोट फिरविताना खरखर लागली, तर तो पापुद्रा कापावयाचा राहून गेला, आणि तो कापणारी कोणी एक बाई कोठे तरी नगावर बसली आहे, एवढे मनात आणावे.